बॅकचं बटण आणि सुभेदार आबांचा अंगठा

‘कृपया बॅकचं बटण दाबू नये.’

एखाद्या वेबसाइटवर ही सूचना दिसली की माझं डोकं फिरतं. पाहुण्याला घरात घ्यायचं आणि वर सांगायचं, की आलात ते बरं झालं, पण मागे वळलात तर काय होईल ते आम्हाला माहीत नाही, ही कुठली रीत? मोबाइलच्या तळाशी किंवा कॉम्प्युटरच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात असणारा तो बाण आपण दिवसभर दाबत असतो आणि दाबला हे आपल्या ध्यानातही राहत नाही. वाट चुकली की माणूस मागे येणारच. त्याला येऊ नको म्हणण्यापेक्षा तो आला तर काय करायचं ते आपण आधी ठरवून ठेवावं. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ म्हटलं तेव्हा मी सांगितलं, मी फक्त एका बटणाविषयी लिहीन. ते म्हणाले, “लिहा, पण घरातल्या बायाबापड्यांना कळेल असं लिहा.” मी म्हटलं, त्यांनाच तर ते बटण लागतं.

माझं ऑफिस कराडला लागून असलेल्या मलकापुरात, एका बेकरीच्या माडीवर आहे. खाली खारी भाजतात आणि वर मी लोकांच्या वेबसाइटी दुरुस्त करते. बनवतेही, पण दुरुस्तीच जास्त. पुण्याहून कुणीतरी झकपक काम करून देतो, पैसे घेऊन जातो आणि पुढे त्याचा फोन लागत नाही. मग लोक ‘आतार मॅडम’ला शोधत जिना चढून येतात. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून हेच करते आहे. आता गुडघे कुरकुरतात म्हणून कामं कमी घेते, पण जिना मात्र मीही रोज चढते.

हे काम मी कॉलेजात शिकले हे खरं, पण त्यातली मुख्य गोष्ट त्याच्या कितीतरी आधी शिकले होते. आम्ही आतार. कराडच्या पेठेत आमचं कुंकू, काळे मणी, अष्टगंध, सुरमा आणि अत्तराचं दुकान. आता भाऊ बघतो. अब्बा जत्रांना पाल ठोकून त्यात दुकान मांडायचे, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेला तर हमखास. लहानपणी मीही बरोबर असायची. बाई यायची, चार-पाच तऱ्हांचे मणी हातात घ्यायची, भाव विचारायची, तोंड वाकडं करून पुढच्या पालावर जायची. मी पसरलेले मणी गोळा करायला लागले की अब्बा माझ्या हातावर हळूच चापट मारायचे. म्हणायचे, “हात लावू नको. ती परत येणार. आली की तिला तिचा माल तिनं ठेवलाय तसाच दिसला पाहिजे. गोळा केलास तर तिला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल आणि ती कंटाळून निघून जाईल.” आणि ती यायचीच. सरळ तिनं बाजूला काढलेल्या सरावर बोट ठेवायची.

बॅकच्या बटणाचं सगळं शास्त्र एवढंच आहे. उरलेली कारागिरी.

सांगलीचे एक हळदीचे व्यापारी होते. त्यांनी हळदीच्या नाना जातींची यादी वेबसाइटवर टाकली होती. त्यांचा फोन आला तो भडकलेलाच. “मॅडम, मी खाली खाली जाऊन सेलम हळद उघडली. बघून मागं आलो, तर हे मला परत यादीच्या डोक्यावर नेऊन उभं करतंय. परत खाली जायचं, परत एक उघडायची, परत डोक्यावर. गिऱ्हाईक हळद घ्यायला आलंय का जिने चढाय?” शब्द न् शब्द खरा होता. बनवणाऱ्यानं गिऱ्हाईक मागे आलं की सगळे मणी गोळा करून ठेवायची व्यवस्था केली होती. मी ती काढून टाकली. शेठ इतके खूश झाले की त्यांनी मला हळद पाठवली, आणि ती इतकी पाठवली की आमच्या गल्लीत वर्षभर कुणी हळद विकत घेतली नाही.

दुसरी गंमत कराडच्या एका दवाखान्याची. तिथं घरबसल्या नंबर लावायची सोय होती. नंबर लागला की पडद्यावर काही क्षण नुसतं चाक फिरायचं. लोकांना वाटायचं अडकलं. ते मागे यायचे, पुन्हा बटण दाबायचे आणि दुसरा नंबर लागायचा. एका मावशींना डॉक्टरांनी तपासून बाहेर पाठवलं, आणि थोड्या वेळानं परत त्यांच्याच नावाचा पुकारा झाला. मावशी बिचाऱ्या आत गेल्या आणि घाबरून म्हणाल्या, “मगाशीच बघितलं की मला. आता आनि काय सापडलं?” त्यांचा रक्तदाब तिथंच वाढला असणार.

या दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या, कारण त्यात आमच्या धंद्यातला भेद दिसतो. काही पानं नुसती बघायची असतात आणि काही पानांवर काहीतरी करायचं असतं. बघायच्या पानावरून मागे आलं तर काही बिघडत नाही, फक्त सगळं जसंच्या तसं दिसलं पाहिजे. करायच्या पानावरून मागे आलं तर मात्र जे केलं ते केलेलंच राहतं. नंबर लागला तो लागला. बॅकचं बटण तुम्हाला मागे नेतं, तुमच्या हातून झालेली गोष्ट मागे नेत नाही. वर आणखी एक खोडी आहे. तुम्ही मागे आलात की फोन आमच्याकडे विचारायला येत नाही, त्यानं मघाशी बघितलेल्या पानाची आठवण जपून ठेवलेली असते, तीच तुमच्यापुढे धरतो. तुम्हाला वाटतं, काही झालेलंच नाही. ही फसगत होऊ नये म्हणून आम्ही लोकांनी काळजी घ्यायची असते. सगळे घेत नाहीत.

आता सुभेदार आबांकडे येते.

कराड भागातल्या एका वधू-वर मंडळाची वेबसाइट माझ्याकडे नुकतीच दुरुस्तीला आली होती. तिचाही मूळ कारागीर पुण्याचा आणि बेपत्ता. मी अजून तिला नीट हातही लावला नव्हता. एके दिवशी सकाळी जिन्यावर ठाम, एकसारखी पावलं वाजली आणि दारात एक गृहस्थ उभे राहिले. पांढरी मिशी, ताठ पाठ, पायात पॉलिश केलेले बूट. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, कराडजवळच्याच एका गावचे, घरचा ऊस असलेले.

“आवं मॅडम, मंडळाच्या सेक्रेटरींनी तुमच्याकडं धाडलंय,” ते म्हणाले. “एक नाव काढून टाकायचं हाय. वैशाली. माझ्याच फोनवरनं घातलं हुतं.”

“लग्न जमलं?” मी हसून विचारलं.

“न्हाई,” ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. “पोरगीच म्हणती, आता पुरं.”

मी पाणी दिलं. खालून खारी मागवली. माणूस पाणी पिऊन झाल्यावरही ग्लास हातातच धरून बसला की त्याला बोलायचं असतं, हे मला धंद्यानं शिकवलंय.

त्यांनी सांगितलं ते असं. वैशाली ही त्यांची सून. मुलगाही फौजेत होता. दूर तिकडं डोंगरात गाडी दरीत गेली आणि त्यात तो गेला. नात सई तेव्हा रांगत होती. सुभेदारांची बायको त्याच्या आधीच वारलेली. त्या घरात मग ही तीनच माणसं. सईची शाळा सुरू झाली, आणि एक दिवस सुभेदारांच्या मनात आलं, की आपल्या मागं या पोरीचं काय? तिचे आईवडील म्हणाले, आहे तिथं बरी आहे. हे म्हणाले, बरी नाही. आणि त्यांनी तिला न विचारता तिचं नाव मंडळात घातलं.

“लय भांडली माझ्यासंगं,” ते म्हणाले. “म्हणली, आबा, मी तुमाला जड झाले का? दोन दिस बोलली न्हाई. पर नाव काढा म्हणली न्हाई.”

स्थळं येत होती. ती एकही बघत नव्हती. मग म्हसवडचं एक स्थळ आलं. जनावरांच्या दवाखान्यात काम करणारा माणूस, पहिली बायको आजारात गेलेली, घरी आई. त्यांच्याकडून ‘पसंत’ असा निरोप आला होता, मुलीसकट पसंत. वैशालीनं ते सगळं वाचलं, फोन आबांना परत दिला आणि म्हणाली, “बघा तुमी, आबा.”

आमच्याकडं ‘बघा तुम्ही’ म्हणजे होकार. बाई याच्यापुढे काय बोलणार?

“मी त्याच दिवशी आमची पसंती कळवली,” सुभेदार म्हणाले. “मग वाट बघितली. काय नाय. फोन न्हाई, निरोप न्हाई. ती रोज काय विचारत न्हवती, पर फोन वाजला की हातातलं काम थांबवायची. परवा म्हणली, आबा, आता माझं नाव काढून टाका. ह्याच्यापुढं मला परत विचारू नका.” त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. “ती एकदाच व्हय म्हणली, मॅडम. परत म्हणायची न्हाई.”

नाव काढायला मला फार तर चहा निवेपर्यंतचा वेळ लागला असता. पण माझी एक खोड आहे. काय झालं ते मी कुणाला विचारत नाही, करून दाखवा म्हणते, आणि शेजारी बसून त्याच्या अंगठ्याकडे बघते. माणूस जे केलं म्हणतो ते, आणि त्याचा अंगठा जे करतो ते, यात बऱ्याचदा फरक असतो. मी तपासणीसाठी एक खोटं स्थळ तयार केलं होतं, ते त्यांच्या फोनवर उघडून दिलं आणि म्हटलं, “आबा, हे पसंत आहे असं कळवून दाखवा बरं.”

त्यांनी चष्मा लावला. रुंद, राकट अंगठा पडद्यावरून वर सरकवत ते तळाशी आले. तिथं दोन बटणं शेजारी शेजारी होती. डावीकडे ‘पसंत’, उजवीकडे, बरोबर अंगठ्याच्या वाटेवर, ‘नकार कळवा’. अंगठा सरकता सरकता नकारावर टेकला. पान बदललं. ‘तुमचा नकार कळवण्यात आला आहे.’

सुभेदारांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी शांतपणे बॅक दाबलं. आधीचं पान जसंच्या तसं परत आलं, दोन्ही बटणं जागच्या जागी. आता त्यांनी नीट निरखून ‘पसंत’ दाबलं. ‘तुमची पसंती नोंदवली आहे.’

“झालं,” ते म्हणाले आणि फोन माझ्यापुढे धरला.

“आबा, मघाशी ते नकार लागलं होतं.”

“व्हय, कवाकवा लागतंय. जागाच तसली हाय त्याची. मग मागं यायचं, पुसलं जातंय ते.”

मी खुर्ची पुढे ओढली. “म्हसवडच्या वेळीपण असंच झालं होतं?”

“झालं हुतं की. मागं आलो आनि बरोबर केलं.”

काही पुसलं गेलं नव्हतं. नकाराचं बटण दाबलं त्याच घटकेला म्हसवडच्या फोनवर नकार जाऊन पोहोचला होता. आबांना मागे आल्यावर दिसलं ते त्यांच्याच फोननं जपलेलं जुनं पान. आणि त्यांनी नंतर दिलेली पसंती? एकदा नकार दिला की विषय संपला, अशी त्या वेबसाइटची समजूत, म्हणून ती कुठंच पोहोचली नव्हती. तरी वर निर्लज्जासारखं ‘नोंदवली आहे’ असं सांगून मोकळी. इकडं हे वाट बघत बसले होते आणि तिकडं ते घर अपमान गिळून बसलं होतं.

हे मी त्यांना कसं सांगितलं ते आता आठवत नाही. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत पुसला.

“म्हंजे पोरीला कुणी न्हाई म्हणलंच न्हाई,” ते म्हणाले. “मीच म्हणलो.”

“तुम्ही नाही. ज्यानं हे बनवलं त्यानं.” मला त्या पुण्याच्या कारागिराचा असा राग आला होता की तो समोर असता तर खारीचं ताट त्याच्या डोक्यात घातलं असतं.

मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला. चांगला माणूस, पण रीतीचा पक्का. “एकदा नकार गेल्यावर परत त्या दारात जात नाहीत, मॅडम,” ते म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. आमच्या भागात नकार असा तोंडावर देतच नाहीत. ‘कळवतो’ म्हणतात. फारच झालं तर ‘पत्रिका जुळत नाही’. ज्याला समजायचं ते तो समजतो आणि दोन्हीकडची अब्रू राहते. त्या वेबसाइटवर इतकी स्थळं होती, पण नकाराचं बटण सहसा कुणी दाबत नसे. आणि म्हणूनच म्हसवडच्या घराला तो नकार दगडासारखा लागला असणार.

सुभेदार उठले. “मी जातू म्हसवडला. बोलतील ते ऐकून घीन. पर ह्यो बटणाचा घोळ मला सांगता याचा न्हाई. तुमी येता का, पोरी?”

मॅडमची पोरगी कधी झाले ते त्यांना कळलं नाही, पण मला कळलं. मी ऑफिसला कुलूप लावलं.

मायणी मागे पडली तसा ऊस संपला आणि माळ सुरू झाला. गाडीत सुभेदार एकदाच म्हणाले, “फौजेत मागं हटायची पण ऑर्डर असती. कुणी काय म्हणत न्हाई. हितं मात्र मागं फिराय छाती लागती बघा.”

म्हसवडला घर सापडलं. मुलाची आई, नाथाची आई म्हणतात त्यांना, अंगणात बाजरी निवडत होत्या. सुभेदारांनी नाव-गाव सांगितलं. बाईंचा हात सुपातच थांबला. त्यांनी आत जाऊन पाणी आणून दिलं. पाण्याला कुणी चुकत नाही. पण ‘बसा’ म्हणाल्या नाहीत.

“नगं हुतं तर कळवतो म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “आमी काय समजलो नसतो व्हय? माझा पोरगा बायकू गेल्यापास्नं पयल्यांदा कशाला तरी बरं म्हणला हुता. फोनवर तसलं आलं, आनि तवापास्नं ईषय काडू देत न्हाई.”

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी अंगणात उकिडवी बसले, त्यांच्या सुपाशेजारी.

“मावशी, समजा, तुम्ही एक पत्र लिहिलं. पेटीत टाकलं. टाकल्या टाकल्या ध्यानात आलं की चुकीचं टाकलं. तुम्ही तशाच मागं घरी आलात. तुम्ही घरी आलात म्हणून पत्र पेटीतून परत येईल का?”

“ते कसं यील?”

“तेच झालं. आबांकडून चुकून दुसरंच बटण दाबलं गेलं. ते मागं आले. त्यांना वाटलं, आपण मागं आलो म्हणजे पत्रपण मागं आलं. मग त्यांनी खरं पत्र टाकलं, ते तुमच्यापर्यंत आलंच नाही. ते आजपर्यंत तुमच्या उत्तराची वाट बघत होते.”

बाईंनी थोडा विचार केला. “मंग मागं यायचं बटण ठिवलंय कशाला तसलं, जे मागं आणत न्हाई?”

मी या धंद्यात एवढी वर्षं काढली, पण याच्याइतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “चूक बनवणाऱ्याची आहे, मावशी. आता ते मी बदलणार आहे.”

“तू कुणाची गं?”

“आताराची. कराडच्या.”

“जत्रंत देवळाच्या अंगाला पाल असायचं, ते आतार?” मी मान हलवली. त्या जरा सैल झाल्या, पण सुभेदारांकडं वळल्या तेव्हा आवाज परत कडक झाला. “हिचं ऱ्हाऊ द्या. तुमी बाप हाय पोरीचं. पोरीच्या जन्माचा सवाल, आनि बटण बघून दाबू ने?”

सुभेदार उभेच होते. म्हणाले, “मी बाप न्हाई. सासरा हाय.”

बाईंनी सूप खाली ठेवलं. “त्यात तर वडील लिवलं हुतं.”

“मुलीशी नातं म्हणून इचारलं हुतं. खाली नावं हुती. वडील, आई, भाऊ, चुलता, मामा. सासरा न्हवता. लय शोदला. मागं गेलो, पुढं आलो, न्हवताच. मग त्यातल्या त्यात जवळचं हुतं ते दाबलं.” त्यांचा आवाज इतका वेळ सरळ होता, तो आता थोडा हलला. “पोरगा गेला माझा. ही माझ्याजवळ बसून जन्म काढील, काय बोलायची न्हाई. म्हणून मलाच बोलाय लागतंय. नकार तिनं दिल्याला न्हाई बाई. तुमाला राग धरायचा तर माझ्यावर धरा.”

मी सुपातल्या बाजरीकडे बघत होते, कारण दोघांपैकी कुणाच्याच तोंडाकडे बघवत नव्हतं.

“नात?” बाईंनी विचारलं.

“तिच्या आईसंगं ऱ्हाईल. हितं. तुमी म्हणत असला तर.”

“आनि तुमी?”

“मी हाय की. ऊस हाय, घर हाय.”

बाई उठल्या. पदरानं डोळे टिपले ते लपवले नाहीत. घरात तोंड करून त्यांनी हाक मारली, “नाथा, भाईर ये रं. च्या टाकतीय मी, तू हितं बस.” मग सुभेदारांकडं वळून म्हणाल्या, “बसा भाऊ. सासरा सुनंचं स्थळ घिऊन दारात आलाय, अजून पत्रिका कसली बघायची?”

नाथा बाहेर आला. दारामागं उभं राहून त्यानं सगळं ऐकलं होतं हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. तो सुभेदारांच्या पाया पडला आणि एकच बोलला, “त्यांना इचारा, मी भेटाय येऊ का. त्यास्नी इचारूनच.”

परतीच्या वाटेवर मायणी येईपर्यंत सुभेदार खिडकीतून बाहेर बघत होते. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं आणि गाडी चालवताना रडलेलं बरं नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून मी ती वेबसाइट उसवायला घेतली. ‘नकार कळवा’ हे बटण मुळासकट काढलं आणि त्या जागी ‘कळवतो’ असं लिहिलं. बटणं एकमेकांपासून लांब ठेवली. कुणी कळवतो म्हटलं तरी निरोप लगेच जात नाही. ‘चुकून दाबलं का?’ असं विचारत तो थोडा वेळ उंबऱ्यातच थांबतो. आणि बॅक दाबून कुणी मागे आलं, तर फोनच्या आठवणीतलं पान न दाखवता आमच्याकडं नव्यानं विचारूनच पान उघडतं, म्हणजे जे खरं आहे तेच दिसतं. नात्यांच्या यादीत मी ‘सासरे’ आणि ‘सासूबाई’ घातले. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, असं कितीजणांना लागणार आहे?” मी म्हटलं, “एकाला लागलं ना? बास.” पुढे त्यावर आणखी कुणीतरी बोट ठेवल्याचं मला दिसलं. कुणाचं ते मी बघितलं नाही.

लग्न साधंच झालं, म्हसवडला, सिद्धनाथाच्या साक्षीनं. काळे मणी आमच्या दुकानातले. भावानं सर ओवला आणि पैसे घेईना, सुभेदार पैसे दिल्याशिवाय हलेनात. त्यावर पेठेत बराच गोंधळ झाला, तो वेगळा विषय. निघताना वैशाली आबांच्या गळ्यात पडली नाही की काही नाही. पाया पडली आणि म्हणाली, “आबा, येते.” आमच्याकडं कुणी ‘जाते’ म्हणतच नाही. सुभेदार ताठ उभे होते. गाडी वळणाआड गेली तरी तसेच.

त्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. “पोरी, फोनमधी माणसं दिसाय बंद झाल्यात. सई कानच दाखवती नुसता.” मी गेले. फोनला काही झालं नव्हतं. मला वाटतं, त्यांना कुणाशी तरी चहा प्यायचा होता. घर झाडून लख्ख होतं. पण मी बघत राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीत वैशालीचा कप पालथा होता, शेजारी तिच्या केसांच्या पिना. बाहेरच्या सोप्याच्या, म्हणजे पडवीच्या, कोपऱ्यात सईची पाटी भिंतीला टेकवलेली, तिच्यावर खडूनं काढलेलं अर्धं घर. छप्पर होतं, एक भिंत होती, दार नव्हतं.

“आबा, पाटी पुसली नाहीत?” मी विचारलं.

“न्हाई. झाडतानासुदिक हात लावत न्हाई.” ते चहा ओतत म्हणाले. “जाताना अर्धंच ऱ्हायलं तिचं. आली की तिला जितं सोडलंय तितंच घावाय पायजे. न्हाईतर पोर परत पयल्यापास्नं काय करंल?”

अब्बांची चापट आठवून माझा हात आपोआप मागे गेला.

तेवढ्यात बाहेर फटफटी थांबली. सईला घेऊन नाथा आणि वैशाली सुट्टीला आले होते. मला बोलावण्याचं खरं कारण हे होतं आणि म्हाताऱ्यानं ते सांगितलंही नव्हतं. सई धावत आत आली. आजोबांकडं नाही, माझ्याकडं नाही, सरळ सोप्याच्या कोपऱ्यात गेली. पाटीपुढं बसली, खडू उचलला आणि भिंतीत दार काढायला लागली.